काहीतरी हललं, पण कोण?

आसामातल्या धुबरी जिल्ह्यात ब्रह्मपुत्रा बांगलादेशात शिरते. पुढे तिला जमुना म्हणतात. इथे तिचं पात्र एकसंध नाही. कितीतरी प्रवाह एकमेकांत गुंततात, सुटतात, पुन्हा मिळतात आणि त्यांच्या मधोमध वाळू-गाळाची बेटं तयार होतात. या बेटांना तिकडे ‘चर’ म्हणतात. चरांवर माणसं राहतात, ताग आणि भात पिकवतात, गुरं पाळतात. दोन-तीन पावसाळ्यांत एखादा चर वाहून जातो आणि काही कोसांवर दुसरा वर येतो. कृष्णाकाठच्या वाचकाला मळईची जमीन काय असते ते माहीत असेल. तीच गोष्ट इथे गावंच्या गावं पोटात घेणाऱ्या आकाराची आहे. आसाम सरकारच्या आकडेवारीनुसार १९५० पासून राज्याची सुमारे ४.२७ लाख हेक्टर जमीन नद्यांनी कापून नेली.

या पाण्यातून आणि वाळूतून आंतरराष्ट्रीय सीमेचे ६१ किलोमीटर जातात. तिथे कुंपणाचा खांब रोवायचा तरी कशात?

भारत-बांगलादेश सीमा ४,०९६ किलोमीटरांची आहे. २०२५ च्या सुरुवातीला संसदेत दिलेल्या माहितीप्रमाणे त्यापैकी सुमारे ३,२३२ किलोमीटरवर कुंपण झालं होतं. उरलेल्या ८६४ किलोमीटरपैकी जवळपास १७४ किलोमीटरवर भूगोलच कुंपण होऊ देत नाही. ‘सच्छिद्र सीमा’ म्हटलं की आपल्यापुढे तुटलेल्या तारा येतात, पण पुष्कळ ठिकाणी तारेच्या आधी रेषाच जागेवर नाही.

याचं मूळ १९४७ मध्ये आहे. फाळणीची सीमा आखण्याचं काम सोपवलेले ब्रिटिश वकील सिरिल रॅडक्लिफ जुलैत भारतात आले आणि १७ ऑगस्टला, म्हणजे स्वातंत्र्यानंतर दोन दिवसांनी, त्यांचा निवाडा प्रसिद्ध झाला. बंगालच्या त्या निवाड्यात नदीसाठी दोन वेगळे नियम आहेत. गंगेच्या बाबतीत म्हटलंय, की जिल्ह्यांच्या हद्दी हीच सीमा, नदीचा प्रत्यक्ष प्रवाह नव्हे. लगेच पुढे माथाभंगा नदीच्या बाबतीत म्हटलंय, की मुख्य प्रवाहाची मध्यरेषा हीच सीमा. पहिल्या नियमात रेषा कागदावर गोठते आणि नदी तिच्यापासून सरकत जाते. दुसऱ्या नियमात प्रवाह हाच रेषेचा आधार; तो हलला की रेषाही हलली का, हा प्रश्न उघडा पडतो. दोन्ही ठिकाणी वाद झाले आणि ते सोडवायला स्वीडिश न्यायाधीश अल्गोट बॅगे यांच्या अध्यक्षतेखाली लवाद नेमावा लागला. त्याचा निकाल १९५० मध्ये आला. नदी त्यानंतरही सरकत राहिली. पश्चिम बंगालच्या मुर्शिदाबाद जिल्ह्यात आजही असे शेतकरी आहेत, ज्यांना आपल्याच देशातल्या शेतावर जाताना सीमा सुरक्षा दलाच्या चौकीवर ओळखपत्र जमा करावं लागतं.

जमिनीवर कुंपण आहे तिथेही गोष्ट सरळ नाही. १९७५ च्या दोन्ही देशांच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार शून्य रेषेपासून (प्रत्यक्ष सीमारेषेपासून) १५० यार्डांच्या, म्हणजे सुमारे १३७ मीटरच्या आत संरक्षणविषयक बांधकाम करायचं नाही. त्यामुळे कुंपण बहुतेक ठिकाणी भारताच्या हद्दीत आत सरकलेलं आहे. कुंपणापलीकडे भारतीय शेतं आहेत, काही ठिकाणी भारतीय घरंही आहेत. ठरलेल्या वेळी गेट उघडतं, माणसं आणि गुरं जातात, ठरलेल्या वेळी परततात. कुंपणाजवळ दिसणारी बहुतेक हालचाल अशी रोजची, कायदेशीर आणि कंटाळवाणी असते. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं गणित तिच्यावर उभं आहे.

धुबरीच्या ६१ किलोमीटरसाठी ‘बोल्ड-क्यूआयटी’ नावाची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा ५ मार्च २०१९ रोजी सुरू झाली. मायक्रोवेव्ह दुवे, ऑप्टिकल फायबर, दिवसरात्र पाहणारे कॅमेरे आणि घुसखोरी ओळखणारे संवेदक यांचं हे जाळं आहे. सूचना नियंत्रण कक्षात येते आणि तिथून जवळची तुकडी निघते. त्याआधी हे काम मुख्यतः जवान आणि बोटी करत. धुक्याच्या रात्री त्या पाण्यावर गस्त घालणं किती अवघड असेल याचा विचार केला, तर यंत्रणेची गरज वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

पण अशा यंत्रणेला दिसतं ते नेमकं काय? रात्रीचा उष्णता-कॅमेरा घ्या. प्रत्येक वस्तू तिच्या तापमानानुसार अवरक्त किरण सोडते. माणसाच्या त्वचेचं तापमान साधारण ३३ अंश सेल्सिअस धरलं, तर तिचे सर्वांत तीव्र किरण सुमारे साडेनऊ मायक्रॉन तरंगलांबीचे असतात. आपलं नशीब असं, की ८ ते १४ मायक्रॉनच्या पट्ट्यातले किरण कोरडी हवा फारसे शोषत नाही, म्हणून अंधारात दूरचा माणूस उजळ ठिपक्यासारखा दिसतो. मात्र कॅमेरा पाहतो तो फरक. सकाळी आणि संध्याकाळी अशी वेळ येते, की वाळू, पाणी, झाडं आणि अंग यांच्यातला तापमानाचा फरक अगदी कमी होतो आणि ठिपका पार्श्वभूमीत विरघळतो. हिवाळ्यात ब्रह्मपुत्रेवर दाट धुकं येतं. धुक्याच्या थेंबांचा आकार बराचसा याच मायक्रॉनांच्या घरातला असल्यामुळे ते हे किरण चांगलेच विखुरतात. आणि पाणी तर या किरणांना जवळपास अपारदर्शक आहे. केसाच्या जाडीएवढा थरही ते बहुतांशी गिळून टाकतो. गळ्यापर्यंत पाण्यात असलेल्या माणसाचं कॅमेऱ्याला फक्त डोकं दिसतं. तरंगणारं नारळाचं झाड असो की पोहणारी म्हैस, दुरून ठिपक्यांची ओळख पटणं कठीण.

संवेदकांचा दुसरा एक प्रकार जमिनीत पुरलेल्या काचतंतूचा. तंतूतून दर सेकंदाला हजारो वेळा लेसरचे सूक्ष्म ठोके सोडतात. काचेतल्या बारीक असमानतेमुळे प्रकाशाचा अगदी थोडा भाग मागे परततो. काचेत प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर, म्हणून एक किलोमीटर पुढून परतलेली प्रकाशाची तिरीप दहा मायक्रोसेकंद उशिरा पोचते. किती उशिरा आली यावरून कुठून आली ते कळतं. वरून पाऊल पडलं की तंतू किंचित ताणला जातो आणि परतणाऱ्या प्रकाशात फरक पडतो. कल्पना सुंदर आहे. पण पाऊल गाईचं की गस्तवाल्याचं, हे कंपनाच्या आकारावरून ओळखावं लागतं आणि ओली माती, सुकी माती, वारा, पाऊस हे सगळे त्यात आपापला आवाज मिसळतात.

म्हणजे यंत्र सांगतं की काहीतरी हललं. कोण हललं, हा वेगळा प्रश्न आहे, आणि सीमेवरची सगळी अडचण या दुसऱ्या प्रश्नात आहे.

ज्वारीच्या हंगामात माचाणावर बसून राखण करणाऱ्याला हे कळतं. रानडुक्कर आलं की कणसं सळसळतात, पण वाऱ्यानंही सळसळतात. प्रत्येक सळसळीला गोफण फिरवली तर मध्यरात्रीपर्यंत हात दमतो आणि डुक्कर येतं तेव्हा राखणदार झोपेत असतो. आकड्यांत मांडू. हे आकडे माझे, फक्त हिशेबासाठी. समजा एका रात्री एका पट्ट्यात दहा हजार निरुपद्रवी हालचाली होतात: गुरं, कोल्हे, मासेमार, लाटा. खऱ्या बेकायदा हालचाली पाच. यंत्र इतकं चांगलं, की खरी हालचाल १०० पैकी ९९ वेळा पकडतं आणि निरुपद्रवी हालचालीवर १०० पैकी एकदाच चुकून घंटा वाजवतं. तरी त्या रात्री जवळजवळ १०५ घंटा वाजतील आणि त्यातल्या १०० खोट्या असतील. खरी घंटा एकवीसांत एक.

आता यंत्र आणखी तल्लख करा. खरी हालचाल पकडण्याचं प्रमाण ९९ वरून ९९.९ टक्क्यांवर न्या. घंटांच्या गोंगाटात फरक पडणार नाही. खोट्या घंटांचं प्रमाण दहापट घटवलं तर मात्र १० खोट्या आणि ५ खऱ्या उरतात. आणि तिसरी एक वाट आहे, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते: निरुपद्रवी हालचालीच आधी ओळखीच्या करून टाका. दहा हजारांपैकी नऊ हजार हालचाली नोंदणी केलेल्या होड्या, ठरलेली गेटं आणि परवाने यांतून गेल्या, तर यंत्र तेच ठेवूनही खोट्या घंटा शंभरावरून दहावर येतात. कायदेशीर दरवाजा रुंद करणं ही माणुसकी तर आहेच, पण ती सुरक्षेचीही गोष्ट आहे, आणि ती साध्या भागाकारानं सिद्ध होते.

असा एक दरवाजा मेघालयातल्या कालायचर इथे जुलै २०११ मध्ये उघडला. दोन्ही बाजूंच्या आसपासच्या गावकऱ्यांना पासपोर्टशिवाय, नोंदणी करून भाजीपाला, फळं, कापड, भांडी विकायला आणि विकत घ्यायला मिळणारा हा सीमेवरचा आठवडी बाजार. जो माणूस काल अंधारात कोंबड्या घेऊन ओढा ओलांडत असे, तो आज दिवसा नोंदवहीत नाव लिहून येतो. संवेदकाला आता त्याच्याकडे पाहावं लागत नाही.

दरवाजे बंद करत गेलं की काय होतं याचा चांगला अभ्यास अमेरिका-मेक्सिको सीमेवर झाला आहे. समाजशास्त्रज्ञ डग्लस मॅसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये मांडलेले आकडे विचार करायला लावतात. १९८६ ते २००८ या काळात सीमेवरच्या गस्ती अधिकाऱ्यांची संख्या पाचपट आणि खर्च वीसपट झाला, आणि त्याच काळात कागदपत्रांशिवाय राहणाऱ्यांची संख्या ३० लाखांवरून १ कोटी २० लाखांवर गेली. पूर्वी मेक्सिकोचे मजूर हंगामात येत आणि हंगाम संपला की गावी जात. ओलांडणं महाग आणि जीवघेणं झालं, तसं येणं फारसं थांबलं नाही, पण परतणं थांबलं. एकदा आत आलेला माणूस बाहेर जायला घाबरू लागला आणि बायकामुलांना बोलावून घेऊ लागला. बांगलादेश सीमेचे प्रश्न वेगळे आहेत, हा निष्कर्ष जसाच्या तसा इथे चिकटवणं चूक ठरेल. तरी ये-जा आणि वस्ती या दोन गोष्टी वेगळ्या मोजाव्या लागतात, हे तिथून शिकण्यासारखं आहे.

आपल्याकडे हा घोळ नेहमी होतो. २००१ च्या जनगणनेत शेवटचा मुक्काम बांगलादेशात असलेले सुमारे ३१ लाख लोक नोंदले गेले. त्यात फाळणीनंतर आलेले आहेत आणि १९७१ नंतर इथेच राहिलेलेही आहेत. त्या वर्षी तर जवळपास एक कोटी निर्वासित भारतात आले होते. हा आकडा आजवर साठलेल्यांचा आहे, दर वर्षी येणाऱ्यांचा नाही. धरणातलं पाणी मोजून नदीचा वेग सांगता येत नाही.

घंटांचं गणित सीमेवर संपत नाही, ते आपल्या शहरांत येतं. मुंबई-पुण्याच्या बांधकामांवर मालदा आणि मुर्शिदाबादचे मजूर मोठ्या संख्येनं आहेत. ‘बांगला बोलतो’ ही खूण मानून माणसं उचलायची ठरवलं, तर ती खूण किती खोट्या घंटा वाजवेल? २०११ च्या जनगणनेप्रमाणे भारतात बांगला मातृभाषा असलेले ९ कोटी ७० लाखांहून अधिक लोक आहेत. मुर्शिदाबाद आणि पलीकडचं राजशाही यांच्यामध्ये फक्त पद्मा (गंगेचंच तिकडचं नाव) आहे, बोलीला ती अडवत नाही. जून २०२५ मध्ये महाराष्ट्रात पकडलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना सीमेपलीकडे ढकललं गेलं आणि ते भारतीय असल्याचं दिसल्यावर परत आणावं लागलं. संवेदकाची खोटी घंटा जवानाची एक फेरी वाया घालवते. इथली खोटी घंटा एका नागरिकाला त्याच्या देशाबाहेर काढते. ही चूक मला अतिशय गंभीर वाटते, आणि ती टाळायची तर खूण निवडतानाच तिच्या चुकीचं प्रमाण विचारलं पाहिजे.

चरावरच्या माणसाची अवस्था याहून कठीण. त्याची जमीन नदीनं नेली, घराबरोबर ट्रंक गेली, ट्रंकेत कागद होते. तो गुवाहाटीला कामाला जातो आणि तिथे त्याला कुठून आलास विचारतात. तो ज्या गावाचं नाव सांगतो ते गाव आता नकाशावर नाही.

ओळख पटवण्याचं काम नीट झाल्याचं एक उदाहरण याच सीमेवर आहे. कूचबिहारच्या आसपास दोन्ही देशांचे १६२ तुकडे एकमेकांच्या हद्दीत अडकले होते: भारताचे १११ बांगलादेशात, बांगलादेशाचे ५१ भारतात. त्यांना छिटमहल म्हणत. तिथल्या माणसांना शाळा, रेशन, पोलीस यांपैकी काही हक्कानं मिळत नसे आणि बाजारात जायचं तरी कायद्यानं परक्या देशात पाऊल टाकावं लागे. जुलै २०११ मध्ये दोन्ही देशांच्या पथकांनी एकत्र घरोघर जाऊन शिरगणती केली. माणसं भरली ५१,५४९. मग ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री तुकड्यांची अदलाबदल झाली; त्याआधी प्रत्येकाला विचारलं गेलं, तुला कोणत्या देशात राहायचंय? भारतातल्या ५१ तुकड्यांतल्या लोकांनी भारतातच राहायचं ठरवलं. बांगलादेशातल्या १११ तुकड्यांत ३७ हजारांवर माणसं होती. त्यांना भारतात येण्याचा हक्क होता, कागद मिळणार होते. आले ते हजाराहून कमी. बाकीच्यांनी आपलं घर, आपली विहीर आणि आपल्या बांधावरची झाडं सोडली नाहीत.