शाळेत मुलाला विशेष मदत हवी असेल तर: बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या पालकांसाठी

"पोरगं हुशार आहे हो, पण लक्ष नाही." दर पालकसभेत हेच ऐकून कंटाळलेल्या माझ्या बहिणीने एकदा हेडमास्तरांना सरळ विचारलं, "हे लिहून देता का?" लिहून काही मिळालं नाही, पण पुढच्याच आठवड्यात तिला बोलावून घेतलं. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो, अर्ज कागदावरच करा.

हक्क कुणाला? 2016 च्या अपंग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत. कमी दिसणं, कमी ऐकू येणं, सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता हे त्यात येतात, तसंच वाचन-लेखन-गणितात अडखळणारी मुलंही, म्हणजे अध्ययन अक्षमता. अपंगत्व 40 टक्के किंवा जास्त असेल तर 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षण, जवळच्या शाळेत किंवा तुम्हाला हव्या त्या विशेष शाळेत. "40 टक्के नाही, मग काही मिळणार नाही" असं कुणी म्हणालं तर मान डोलावू नका. सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळेने मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करायचीच असते, तिला ही टक्केवारीची अट नाही.

अर्ज हेडमास्तरांच्या नावे लिहा आणि प्रत तालुक्याच्या बीईओंना, म्हणजे गटशिक्षणाधिकाऱ्यांना, द्या. मुलाचं नाव, इयत्ता, सॅट्स नंबर (राज्याच्या विद्यार्थी नोंदणीतला मुलाचा नंबर), नेमकं काय जमत नाही आणि नेमकं काय हवं ते त्यात लिहा. "लक्ष द्यावे" या शब्दांचा उपयोग नाही. "पहिल्या बाकावर बसवावे, परीक्षेला जादा वेळ द्यावा, बीआयईआरटींकडून तपासणी करून घ्यावी" असं मागा. बीआयईआरटी म्हणजे तालुक्याच्या बीआरसीतले, म्हणजे गट साधन केंद्रातले, विशेष शिक्षक. ते शाळेत येतात, आणि शाळेत येऊच न शकणाऱ्या मुलाला घरी शिकवण्याची सोयही त्यांच्यामार्फत होते. ऑफिसचं काम कन्नडात चालतं, म्हणून अर्ज कन्नडात करून मराठी प्रत जोडलेली बरी. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय बाहेर पडू नका.

त्याच वेळी शाळेला एक विचारा: यू-डायसमध्ये, म्हणजे शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत, मुलाची नोंद विशेष गरजा असलेलं मूल म्हणून केली आहे का? 'समग्र शिक्षा' या सरकारी योजनेत अशा मुलामागे वर्षाला 3,500 रुपयांपर्यंत तरतूद असते, मुलींना वेगळा भत्ता दरमहा 200 रुपये, 10 महिने. नोंदच नसेल तर मूल हिशेबात धरलंच जात नाही.

यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे अपंगत्वाच्या सरकारी ओळखपत्रासाठी, स्वावलंबन पोर्टलवर अर्ज होतो. आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा आणि आधीचे रिपोर्ट लागतात. ग्रामपंचायतीतले व्हीआरडब्ल्यू, म्हणजे गावचे पुनर्वसन कार्यकर्ते, यात मदत करतात, त्यांना गाठा. मग बेळगावच्या सिव्हिलमध्ये, म्हणजे बिम्समध्ये, डॉक्टरांपुढे तपासणी. आपल्याकडचे बरेच जण मिरज-कोल्हापूरला दाखवतात. ते रिपोर्ट फाईलला जरूर लावा, पण खासगी दवाखान्याचा कागद म्हणजे प्रमाणपत्र नव्हे. यूडीआयडी मात्र एकदा निघालं की देशभर चालतं, सीमेपलीकडेही.

आता आपल्या भागातली खरी मेख. मराठी शाळेतलं मूल कन्नड वाचताना अडखळलं तर ते अध्ययन अक्षमतेमुळे, की घरात कन्नडचा शब्द नाही म्हणून? उलटही होतं: "दुसरी भाषा आहे, येईल हळूहळू" म्हणत खरी अडचण सातवीपर्यंत झाकली जाते. म्हणून कन्नडात किंवा इंग्रजीत चाचणी घेऊन निघालेला निष्कर्ष फसवा ठरू शकतो. तपासणीला जाताना मराठीची वही, मराठीतले चाचणीचे पेपर सोबत न्या. मूल घरी कोणती भाषा बोलतं ते सुरुवातीलाच सांगा आणि मराठीत वाचून घ्यायचा आग्रह धरा. चाचणी घेणाऱ्यांना मराठी येत नसेल तर शाळेतल्या शिक्षकांना सोबत घ्या. त्यात भीडभाड कसली? अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र वयाच्या आठव्या वर्षाआधी मिळत नाही, म्हणून तिसरीच्या सुमाराला हे सगळं हलवायला लागा.

एसएसएलसीला, म्हणजे दहावीच्या बोर्डाच्या परीक्षेला, जादा वेळ, लेखनिक अशा सवलती असतात. त्यांचा अर्ज शाळेमार्फतच परीक्षा मंडळाकडे जातो. दहावीच्या जानेवारीत जागं होऊन भागत नाही, नववीतच प्रमाणपत्र हातात असू द्या. 40 टक्क्यांचं प्रमाणपत्र आणि वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर नववी-दहावीसाठी केंद्राची शिष्यवृत्तीही आहे. उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीत मिळतो.

अर्जाला उत्तरच आलं नाही तर बीईओ, मग डीडीपीआय, म्हणजे शैक्षणिक जिल्ह्याचे शिक्षण उपसंचालक. इथे घोळ होतो, कारण जिल्हा एक असला तरी शैक्षणिक जिल्हे दोन आहेत: खानापूर-बेळगावकरांनी बेळगावला जायचं, निपाणीकरांनी चिक्कोडीला. तिथेही हललं नाही तर 10 रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज टाकून "माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर काय कारवाई झाली" एवढंच विचारा. उत्तराला 30 दिवसांची मुदत असते. त्यानंतर बेंगळुरूला राज्य अपंग आयुक्तांकडे तक्रार, सोबत त्या शिक्का मारलेल्या प्रतीची झेरॉक्स.