दोन भिंगांमधले अंतर नेमके कशाशी जुळायला हवे?

स्टिरिओस्कोपमधून, म्हणजे प्रत्येक डोळ्याला भिंगातून वेगळे चित्र दाखवून खोलीचा भास देणाऱ्या साधनातून, जोडचित्र पाहताना ते एकजीव न होता दुहेरी दिसू लागले, की बहुतेक जण एकच निदान करतात: भिंगांमधले अंतर आपल्या डोळ्यांच्या बाहुल्यांमधल्या अंतराशी जुळत नाही. प्रौढांमध्ये बाहुल्यांमधले अंतर सरासरी ६३ मिलिमीटर असते आणि माणसागणिक ते बरेच बदलते, त्यामुळे हे निदान पटते. तरीही बहुधा ते चुकीचे असते.

बहिर्वक्र भिंगाच्या नाभीपाशी असलेल्या बिंदूतून निघालेले किरण भिंगातून समांतर होऊन बाहेर पडतात, हे शाळेत शिकलेले आठवावे. स्टिरिओस्कोपमध्ये चित्र साधारण नाभीय अंतरावरच असते. चित्रातला बिंदू भिंगाच्या अक्षावर असेल, तर किरणांची शलाका सरळ समोर येते. तो अक्षापासून बाजूला असेल, तर सबंध शलाका ठरावीक कोनात तिरपी होते, आणि त्या शलाकेत डोळा दोन मिलिमीटर इकडे असो वा तिकडे, बिंदू त्याच दिशेला दिसतो. म्हणजेच डोळ्यांनी किती वळायचे, हे दोन चित्रांतील समान बिंदूंमधले अंतर आणि भिंगांच्या प्रकाशीय केंद्रांमधले अंतर यांच्या तुलनेवर ठरते. दोन्ही अंतरे सारखी असतील तर नजरा समांतर राहतात. चित्रांतले अंतर कमी असेल तर त्या आत वळतात, आणि जास्त असेल तर डोळ्यांना बाहेर फाकावे लागते, जे त्यांना जवळजवळ जमतच नाही.

स्कॉटिश भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड ब्रूस्टर यांनी १८४९ मध्ये मांडलेल्या स्टिरिओस्कोपमध्ये हेच तत्त्व खुबीने वापरले आहे. त्यांनी एक भिंग मधोमध कापून त्याचे दोन भाग जाड कडा बाहेर ठेवून बसवले. त्यामुळे प्रकाशीय केंद्रे दूर गेली आणि पाहणारा भिंगांच्या आतल्या, लोलकासारख्या भागातून पाहू लागला.

हे विचलन मोजणे सोपे आहे. भिंगाची डायॉप्टरमधील शक्ती (एक भागिले मीटरमधील नाभीय अंतर) आणि केंद्रापासूनचे सेंटिमीटरमधील अंतर यांचा गुणाकार केला, की एक मीटर अंतरावर किरण किती सेंटिमीटर सरकेल ते मिळते. २०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या भिंगापुढे चित्र एक मिलिमीटर सरकले, तर दिशा सुमारे ०.३ अंशाने बदलते. ५० मिलिमीटरच्या भिंगापुढे तेवढ्याच चुकीने ती सुमारे १.१ अंशाने बदलते. मोबाइल बसवण्याच्या आखूड नाभीच्या खोक्यांमध्ये चूक अधिक जाचते, ती यामुळेच.

बाहुल्यांमधल्या अंतराला मुळीच महत्त्व नाही, असे मात्र नाही. डोळा भिंगाच्या कडेपाशी गेला की रंगीत झालर आणि वाकड्या रेषा दिसू लागतात, आणि चित्र नाभीवर नेमके नसेल तर वरचा हिशेबही तेवढा काटेकोर राहत नाही. परंतु खरा त्रास बहुधा उभ्या दिशेने होतो, कारण एक डोळा वर आणि दुसरा खाली वळवण्याची आपली क्षमता फारच तोकडी आहे. म्हणून चित्र जुळत नसेल, तर आधी एकेक डोळा आळीपाळीने मिटून पाहावे. क्षितिजाची रेषा वरखाली उडी मारत असेल, तर भिंगे न हलवता चित्रांची उंची सारखी करावी.