जुन्या बॅटरीचे टक्के चुकतात, कारण ते मोजलेले नसतात

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात धडकलं. त्यानंतर रायगड-रत्नागिरीतली कितीतरी गावं अनेक दिवस अंधारात होती. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं आणि जुलैत चिपळूणचा पूर. पावसाळ्यात लाईट जाणं कोकणाला नवं नाही, पण इन्व्हर्टरवरचा आकडा बघत रात्र काढायची वेळ आली की जुन्या बॅटऱ्यांचं एक दुखणं उघडं पडतं. मीटर ४० टक्के दाखवतो आणि दुसऱ्या क्षणी सगळं बंद. मग ‘मीटर बिघडला’ असं म्हणून विषय संपतो. बहुतेक वेळा मीटर बिघडलेला नसतोच. तो जुन्या माहितीवर हिशेब करत असतो, आणि हे असं का होतं ते या मीटरच्या इतिहासातच सापडतं.

गास्तों प्लांते यांनी १८५९ साली बनवलेल्या लेड-ॲसिड बॅटरीत एक मोठी सोय होती. तिच्यातलं ॲसिड स्वतःच रासायनिक क्रियेत खर्च होतं, म्हणून बॅटरी उतरली की ॲसिड पातळ होतं. मेकॅनिक हायड्रोमीटर बुडवून ‘ग्रॅव्हिटी’, म्हणजे पाण्याच्या तुलनेत ॲसिडची घनता, बघतो ती हीच. भरलेल्या बॅटरीत साधारण १.२६ ते १.२८, उतरलेलीत १.१२ च्या आसपास. पण प्लेटींवरचा मसाला झडून तळाशी साचला असेल, तर ग्रॅव्हिटी पूर्ण दिसूनही बॅकअप अर्धाच मिळतो. त्यातच १८९७ मध्ये पॉयकर्ट या जर्मन शास्त्रज्ञाने दाखवून दिलं की बॅटरीतून करंट जितका जोरात ओढावा तितकी ती एकूण कमी देते. म्हणजे ‘किती उरलंय’ याचं उत्तर पुढे काय चालवणार यावरही ठरतं.

१९९१ साली सोनीने लिथियम-आयन सेल बाजारात आणला आणि हायड्रोमीटरचा मार्गच बंद झाला. सेल सीलबंद, आणि आतलं द्रावण खर्च होत नाही, फक्त आयनांची ने-आण करतं. उरला व्होल्टेज. मोबाईल-लॅपटॉपच्या सेलचा व्होल्टेज ४.२ वरून ३ च्या आसपास उतरत जातो, पण लोड असताना तो आणखी खाली बसतो. वय वाढलं की सेलचा आतला रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, वाढतो, म्हणून तो जास्तच बसतो.

म्हणून पॅकमध्येच, म्हणजे जोडलेल्या सेलच्या संचातच, मोजणी आली. शंट नावाच्या अगदी कमी रोधाच्या पट्टीतून करंट जातो आणि एक चिप आत किती गेलं, बाहेर किती आलं याची बेरीज-वजाबाकी करत राहते. १९९५ मध्ये इंटेल आणि ड्युरासेल यांनी ‘स्मार्ट बॅटरी’चा मानक आराखडा मांडला. त्यानुसार पॅक स्वतःच लॅपटॉपला आपला हिशेब सांगू लागला.

सगळा घोळ या हिशेबाच्या खालच्या आकड्यात आहे. टक्के म्हणजे भागाकार: वर उरलेला चार्ज, खाली पॅकची आजची एकूण क्षमता. वरचा आकडा मोजता येतो, खालचा अंदाजाने धरावा लागतो. विहिरीत दरवर्षी गाळ साचतोय आणि आपण मात्र नव्या विहिरीच्या खोलीवरून घागरी मोजतोय, तसं हे आहे. शिवाय शंटच्या मोजणीतली बारीक चूक रोज साचत जाते, आणि सेलच्या आतल्या आत झिरपून जाणारा चार्ज शंटला दिसतच नाही.

खालचा आकडा सुधारण्यासाठी सुरुवातीच्या चिप्सना पूर्ण भरल्यापासून रिकामं होईपर्यंतचा एक अखंड फेरा लागायचा. २००० नंतर टेक्सास इन्स्ट्रुमेंट्ससारख्या कंपन्यांच्या चिप्स सेलचा रोधही मोजू लागल्या, आणि पॅक स्थिर असतानाच्या दोन व्होल्टेजवरून क्षमता काढू लागल्या. पण त्यांनाही हवी असते विश्रांती आणि मधल्या काळात बऱ्यापैकी वापर.

आणि इथेच कोकणातला वापर आड येतो. घरचा इन्व्हर्टर वर्षातले बहुतेक महिने पूर्ण भरून नुसता उभा असतो. गरम हवेत भरलेला सेल लवकर म्हातारा होतो, ढोबळ नियमाने दर १० अंशांना दुप्पट वेगाने. म्हणजे क्षमता खरोखर घटत असते, पण ते कळण्याची संधी मीटरला मिळत नाही. ती मिळते थेट वादळाच्या रात्री. घरगुती लिथियम पॅक आता बहुतेक लोह-फॉस्फेटचे असतात. टिकाऊ, पण त्यांचा व्होल्टेज मधल्या सगळ्या पट्ट्यात ३.२-३.३ लाच चिकटून राहतो. दोन-चार मिलिव्होल्टची चूक तिथे कितीतरी टक्क्यांची होते. त्यावर खारा वारा. हर्णै, मिरकरवाडा, मालवणच्या बोटींवर जीपीएस आणि वायरलेसच्या बॅटऱ्यांची टर्मिनल्स किती लवकर गंजतात हे तिथल्या कोणालाही ठाऊक आहे. गंजलेला जोड रोध वाढवतो, आणि जोडाच्या पलीकडून मोजणारा मीटर त्याचा दोष सेलवर टाकतो.

म्हणून तपासायला जोडांपासूनच सुरुवात करावी. टर्मिनल्स साफ करून, लोड चालू ठेवून, थेट पॅकवर मल्टिमीटर लावायचा आणि तो आकडा डिस्प्लेवरच्या व्होल्टेजशी ताडायचा. फरक नसेल तर उन्हाळ्यातच एक पूर्ण फेरा द्यावा: पॅक पूर्ण भरून सेल बरोबरीत येईपर्यंत चार्जरवर ठेवायचा, काही तास शांत ठेवायचा, मग ठरावीक वॅटचा लोड लावून बीएमएस (पॅकमधलं सेल सांभाळणारं सर्किट) कट करेपर्यंत वेळ मोजायचा, आणि पुन्हा विश्रांती देऊन भरायचा. वॅट गुणिले तास ही पॅकची आजची खरी क्षमता, इन्व्हर्टरमध्ये जाणारा थोडा वाटा सोडून. यानंतर टक्के सुरळीत उतरू लागले, तर फक्त हिशेब शिळा होता.

तरीही ३०-४० टक्क्यांवर झटक्यात बंद होत असेल, तर एखादा सेल मागे पडला आहे. सेल एकामागोमाग जोडलेले असल्याने सगळ्यात अशक्त सेल संपला की बीएमएस पूर्ण पॅक तोडतो, बाकीच्यांत कितीही उरलेलं असो. तेव्हा प्रत्येक सेलचा व्होल्टेज वेगवेगळा बघावा लागतो. फुगलेला पॅक मात्र घरी उघडू नये. आणि हा पूर्ण रिकामा करायचा फेरा लेड-ॲसिडला देऊ नये. तिला खोलवर उतरवलं की प्लेटींवर सल्फेट धरतं. तिथे आजही ग्रॅव्हिटी आणि लोड टेस्ट, दोन्ही मिळूनच खरं कळतं.