दुहेरी नॅट

एका घरात दोन राउटर एकामागोमाग जोडलेले असून दोन्ही आपापल्या परीने उपकरणांचे पत्ते बदलत (नेटवर्क ॲड्रेस ट्रान्सलेशन, म्हणजे नॅट, करत) असतील, तर त्या रचनेस दुहेरी नॅट किंवा डबल नॅट म्हणतात. कंपनीने बसवलेल्या फायबरच्या डब्याला वरच्या मजल्यासाठी आणलेला राउटर जोडला, की बहुधा ही रचना नकळत तयार होते. इंटरनेट सुरळीत चालते, त्यामुळे दोष लवकर ध्यानात येत नाही. अडते ते घरातल्या घरात, एका राउटरवरील उपकरणाला दुसऱ्यावरील उपकरण गाठताना. आरएफसी २६६३ (ऑगस्ट १९९९; आरएफसी म्हणजे इंटरनेटविषयीचे क्रमांकित तांत्रिक दस्तऐवज) मधील ‘ट्वाइस नॅट’ ही संज्ञा वेगळी आहे. तीत एकच राउटर पाठवणाऱ्याचा व घेणाऱ्याचा असे दोन्ही पत्ते बदलतो. दोहोंची गल्लत करू नये.

नॅटच्या जनकत्वाचे श्रेय सामान्यतः केल्ड एगेवांग व पॉल फ्रान्सिस यांच्या आरएफसी १६३१ (मे १९९४) ला दिले जाते. तथापि फ्रान्सिस यांनीच त्सुचिया या आधीच्या आडनावाने, टोनी इंग यांच्यासह, १९९३ मध्ये पत्त्यांच्या पुनर्वापरावर लेख प्रसिद्ध केला होता. विक्रीस आलेले उपकरण प्रमाण मानणारे जॉन मेयस व ब्रँटली कॉइल यांच्या ‘पिक्स’कडे बोट दाखवतात, ते बनवणारी कंपनी सिस्कोने १९९५ मध्ये घेतली. कल्पनेचा उगम पाहायचा तर १९९३ चा लेखच ग्राह्य धरणे अधिक सयुक्तिक वाटते. पत्त्यांच्या टंचाईवर कायमचा उपाय सापडेपर्यंतची सोय म्हणूनच नॅट पुढे आले, हे विसरता कामा नये. खाजगी, म्हणजे फक्त आतल्या जाळ्यात चालणाऱ्या, पत्त्यांच्या कल्पनेलाही जुलै १९९४ च्या आरएफसी १६२७ मध्ये स्पष्ट विरोध झाला होता. आज रूढ असलेले तीन खाजगी पट्टे, म्हणजे १०, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८ ने सुरू होणारे, आरएफसी १९१८ (फेब्रुवारी १९९६) मध्ये कायम झाले.

दुहेरी नॅटमधील अडथळा एकतर्फी असतो. समजा, बाहेरच्या (कंपनीच्या) राउटरचे जाळे १९२.१६८.१ चे आणि आतल्याचे (त्याला जोडलेल्या दुसऱ्याचे) १९२.१६८.० चे आहे. आतल्या जाळ्यातील लॅपटॉपवर १९२.१६८.१.२० हा बाहेरच्या प्रिंटरचा पत्ता हाताने टाकला, तर कागद छापून येतो. प्रिंटर आत आणि लॅपटॉप बाहेर असेल, तर आतला राउटर न मागता आलेली जोडणी दारातच थांबवतो. लॅपटॉपवरील उपकरणांच्या यादीत मात्र प्रिंटर दोन्ही प्रसंगी दिसत नाही. जाळ्यातील उपकरणे शोधणाऱ्या मल्टिकास्ट डीएनएस या पद्धतीचे शोधनिरोप २२४.०.०.२५१ या पत्त्यावर, ५३५३ क्रमांकाच्या पोर्टवर (उपकरणाच्या क्रमांकित दारावर) जातात व राउटर ओलांडत नाहीत. म्हणून रचना बदलणे शक्यच नसेल, तर सर्वांना लागणारे उपकरण बाहेरच्या राउटरवर ठेवावे.

खरा उपाय एका राउटरचे नॅट बंद करणे हा होय. दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे पत्ते न बदलता फक्त वायफाय पुरवण्यासाठी, चालवला की सगळे घर एकाच जाळ्यात येते. जुन्या राउटरमध्ये ही सोय नसल्यास त्याचे डीएचसीपी (उपकरणांना आपोआप पत्ते वाटणारी सोय) बंद करावे, त्याला बाहेरच्या राउटरच्या डीएचसीपी वाटपापलीकडचा एक पत्ता, उदा. १९२.१६८.१.२, द्यावा आणि खालून आलेली केबल वॅनच्या (बाहेरच्या जोडणीच्या), बहुधा वेगळ्या रंगाच्या, खोबणीत न लावता लॅनच्या (घरच्या जाळ्याच्या) खोबणीत लावावी. येथेच सर्वाधिक चुका होतात. पहिला डबा ब्रिज मोडवर (पत्ते न बदलता जोडणी पुढे देणाऱ्या स्थितीत) ठेवणे हा दुसरा मार्ग. त्यासाठी बहुधा कंपनीची मदत लागते.

कंपनीनेही आपल्या टोकाला नॅट लावलेले असल्यास तिसरा थर येतो. त्यासाठी एप्रिल २०१२ मध्ये १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ हा पट्टा राखून ठेवण्यात आला. बाहेरच्या राउटरच्या वॅन पत्त्याचे आकडे या पट्ट्यातील असतील, तर घरातील दोन्ही राउटरवर पोर्ट उघडूनही बाहेरून घरचा कॅमेरा गाठता येत नाही. घरातल्या घरातील देवाणघेवाणीवर मात्र या थराचा परिणाम होत नाही.

भरपूर पत्ते असलेल्या आयपीव्ही६ या नव्या पद्धतीत पत्ते बदलण्याचे कारण उरत नाही, पण शोधनिरोप राउटरपाशी अडतातच. अनेक राउटरांच्या घराची मांडणी आरएफसी ७३६८ (ऑक्टोबर २०१४) मध्ये, तर शोध पलीकडे पोहोचवणाऱ्या मध्यस्थाचे वर्णन आरएफसी ८७६६ (जून २०२०) मध्ये आहे.