शून्यछाया दिवस (सोलापूर)

शून्यछाया दिवस : ज्या दिवशी स्थानिक मध्यान्ही सूर्य थेट खमध्यावर, म्हणजे डोक्यावरच्या बिंदूवर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या बुडाशीच राहते, तो दिवस. कर्कवृत्त (२३°२६′ उत्तर) व मकरवृत्त यांच्या दरम्यानच्या प्रत्येक गावी असे दिवस वर्षातून दोनदा येतात. खुद्द त्या वृत्तांवर एकदाच येतो. पलीकडे कधीच नाही. सोलापूर शहर (सु. १७°४०′ उत्तर, ७५°५४′ पूर्व) या पट्ट्यात असल्याने तेथे १० किंवा ११ मे आणि २ किंवा ३ ऑगस्ट या सुमारास हा योग येतो. लीप वर्षाच्या फेऱ्यामुळे तारीख एखाद्या दिवसाने मागेपुढे सरकते.

पृथ्वीचा आस तिच्या कक्षेच्या प्रतलाशी काटकोनात नाही, तो सु. २३°२६′ कललेला आहे. त्यामुळे सूर्याची क्रांती, म्हणजे विषुववृत्तापासूनचे त्याचे कोनीय अंतर, वर्षभर या मर्यादेत उत्तर-दक्षिण हलत राहते. क्रांती गावाच्या अक्षांशाइतकी झाली की त्या गावी मध्यान्हीची सावली नाहीशी होते. ऋतूंचे कारणही हाच कल होय. उन्हाळ्यात सूर्य जवळ येतो हा समज शिकल्यासवरल्या माणसांतही आढळतो, पण पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ (सु. १४.७ कोटी किमी.) जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात असते आणि सर्वांत दूर (सु. १५.२ कोटी किमी.) जुलैच्या पहिल्या आठवड्यात.

‘रोज दुपारी बाराला सूर्य डोक्यावर येतो’ या बोलण्यात दोन चुका आहेत. पहिली दिवसाची. सोलापुरात एक मीटर उंचीच्या काठीची मध्यान्ह-सावली २२ डिसेंबरला सु. ८७ सेंमी., विषुवदिनी (दिवस-रात्र सारखी असतात त्या दिवशी) सु. ३२ सेंमी. असते व उत्तरेकडे पडते. मेच्या दुसऱ्या आठवड्यात ती नाहीशी होते, मग दिशा बदलून दक्षिणेला पडू लागते आणि २१ जूनला सु. १० सेंमी. होते. मे ते ऑगस्टमधले सु. बारा आठवडे सोलापूरकरांच्या घराच्या उत्तरेकडील भिंतीवर भर दुपारीही ऊन असते. घर बांधताना याचा विचार क्वचितच होतो. दुसरी चूक घड्याळाची. भारतीय प्रमाण वेळ ८२°३०′ पूर्व रेखावृत्ताची आहे. सोलापूर त्याच्या सु. ६.६ अंश पश्चिमेस असून प्रत्येक अंशास ४ मिनिटे धरली तर फरक सु. २६ मिनिटांचा होतो. त्यात कालसमीकरणाचा (घड्याळाचा व सूर्याचा मध्यान्ह यांतील वर्षभर बदलत्या फरकाचा) संस्कार केला की १० मेच्या सुमारास खरा मध्यान्ह सु. १२ वाजून २३ मिनिटांनी, तर २ ऑगस्टच्या सुमारास सु. १२ वाजून ३३ मिनिटांनी येतो. एकेकाळी गिरणीच्या भोंग्यावर घड्याळ लावणाऱ्या गावात बारा म्हणजे बारा हे खरेच, पण सूर्याला भोंगा ऐकू येत नाही. मेमध्ये बाराच्या ठोक्याला अंगणात गेल्यास मीटरभर काठीची ९–१० सेंमी. सावली पश्चिमेकडे पडलेली दिसते आणि मग गणितच चुकले असे वाटते.

‘दिवस’ हा शब्द येथे सैल अर्थानेच घ्यावा लागतो. या काळात क्रांती रोज सु. पाव अंशाने बदलते, तर सूर्यबिंबाचा कोनीय व्यास सु. अर्धा अंश असतो. बिंब हा बिंदू नसल्याने सावलीची कड पुसट असते. मीटरभर काठीच्या बाबतीत हा पुसटपणा सु. ९ मिमी., आणि एका दिवसाने पडणारा फरक सु. ४.५ मिमी. म्हणजे लागोपाठ दोन, क्वचित तीन दिवस सावली ‘शून्य’च भासते. वेळेच्या बाबतीत मात्र निसर्ग इतका सैल नाही. मध्यान्हाच्या आसपास सावलीचे टोक मिनिटाला सु. ४ मिमी. सरकते, त्यामुळे मिनिटभराची चूक जवळजवळ एका दिवसाच्या चुकीएवढी ठरते. काठी ओळंब्याने उभी केलेली नसेल तर या सर्व आकड्यांना अर्थ राहत नाही.

सावलीवरून काळ व दिशा ठरवण्याची भारतीय परंपरा जुनी आहे. कात्यायन शुल्बसूत्रात (साधारणतः इ. स. पू. ४ थे ते २ रे शतक, हा काळ वादग्रस्त आहे) शंकूच्या (उभ्या खुंटीच्या) सावलीवरून पूर्व-पश्चिम रेषा काढण्याची रीत दिली आहे. सिद्धांतग्रंथांत (खगोलगणिताच्या जुन्या संस्कृत ग्रंथांत) शंकू १२ अंगुळे उंच धरतात. विषुवदिनी मध्यान्ही पडणाऱ्या त्याच्या सावलीला पलभा म्हणतात आणि तीवरून गावाचा अक्षांश मिळतो. सोलापूरची पलभा सु. ३ अंगुळे ४९ व्यंगुळे (व्यंगुळ म्हणजे अंगुळाचा साठावा भाग) येते.

सूर्याची परमक्रांती, म्हणजे क्रांतीची कमाल मर्यादा, भारतीय ग्रंथांत २४ अंश मानली आहे. आर्यभटीय (इ. स. ४९९ च्या सुमारास), वराहमिहिराची पंचसिद्धांतिका व उपलब्ध सूर्यसिद्धांत या तिन्हींत हेच मान आहे. त्या काळी प्रत्यक्ष मान सु. २३°३८′ होते. २४ हा आकडा कोठून आला याविषयी मतभेद आहेत. आसाचा कल हजारो वर्षांत हळूहळू कमी होत आला असून इ. स. पू. ३००० च्या सुमारास तो २४ अंशांच्या जवळ होता, तेव्हा हे मान त्या प्राचीन वेधांचे अवशेष असावे, असे एक मत आहे. दुसऱ्या मतानुसार ही केवळ सोयीची पूर्ण संख्या आहे : वर्तुळाचा पंधरावा भाग. ग्रीकांतही हेच मान प्रचलित होते आणि युडीमस या ग्रीक इतिहासकाराच्या परंपरेत ते वर्तुळात काढलेल्या समभुज पंचदशकोनाच्या बाजूशी जोडलेले आढळते. वेधांच्या नोंदींचा स्वतंत्र पुरावा नसल्याने दुसरे मत अधिक स्वीकारार्ह दिसते. २४ अंशांचे मान ग्रीकांकडून आले की दोन्हीकडे स्वतंत्रपणे रूढ झाले, हा प्रश्न मात्र या मताने सुटत नाही. व्यवहारात याचा परिणाम किरकोळ आहे. २४ अंश धरून गणित केल्यास सोलापूरचा मेमधला शून्यछाया दिवस सु. दीड दिवस अलीकडे येतो.

पाश्चात्त्य परंपरेत या घटनेचा प्रसिद्ध उपयोग एराटोस्थीनीझ या ग्रीक विद्वानाने (इ. स. पू. ३ रे शतक) पृथ्वीचा परीघ काढण्यासाठी केला. सायीनी (आजचे आस्वान) येथे दक्षिणायनारंभी (२१ जूनच्या सुमारास) मध्यान्ही सावली पडत नाही, पण ॲलेक्झांड्रियात सूर्य खमध्यापासून वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाइतका, म्हणजे ७.२ अंश, दूर असतो, हे त्याचे गृहीत. त्याचा मूळ ग्रंथ नष्ट झाला असून पद्धतीची हकीकत क्लिओमिडीझ या नंतरच्या ग्रीक लेखकाकडून कळते. तळापर्यंत उजळणाऱ्या विहिरीची गोष्ट स्ट्रेबो व प्लिनी यांच्या लेखनात येते, त्यामुळे ती या मापनाचा भाग होती असे ठामपणे म्हणता येत नाही. सायीनी कर्कवृत्तावर नेमके नव्हतेही. त्या वेळी कर्कवृत्त सु. २३°४४′ वर होते आणि आस्वान २४°०५′ वर आहे. मीटरभर काठीला यामुळे जेमतेम ६ मिमी. सावली पडली असती, म्हणजे वर सांगितलेल्या पुसटपणापेक्षाही कमी.

या दिवसाचा उष्णतेशी जोडला जाणारा संबंध अर्धाच खरा आहे. १० मे व २ ऑगस्ट या दोन्ही दिवशी सूर्याची मध्यान्हीची उंची सारखीच असते, तरी सोलापुरात मेमध्ये पारा ४० अंश से.च्या वर जाणे नेहमीचे आणि ऑगस्टमध्ये नवलाचे. मधल्या काळात मॉन्सून आलेला असतो. ढग बरीच ऊर्जा परतवतात आणि ओल्या जमिनीची उष्णता बाष्पीभवनात खर्च होते. हा जिल्हा पर्जन्यछायेत मोडतो, पण त्या ‘छाये’चा या छायेशी काही संबंध नाही. मेमध्ये शाळांना सुट्टी आणि ऑगस्टमध्ये आभाळ, त्यामुळे हा दिवस वर्गात फळ्यावरच राहतो.

सोलापूरची सर्वपरिचित उभी वस्तू म्हणजे श्रीसिद्धेश्वर यात्रेतील सात नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतले उंच सजवलेले खांब. ते निघतात मकरसंक्रांतीला, जेव्हा सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. सु. ३० फूट उंचीचा नंदीध्वज सरळ उभा धरल्यास मध्यान्ही त्याची सावली सु. २४ फूट पडते. संक्रांतीला उत्तरायण सुरू होते हेही आता फक्त परंपरेने खरे आहे. संपातचलनामुळे (पृथ्वीच्या आसाची दिशा हळूहळू फिरत असल्यामुळे) प्रत्यक्ष उत्तरायण २१–२२ डिसेंबरलाच सुरू झालेले असते.

जिल्ह्यात हा योग दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकतो. सांगोला व अक्कलकोट येथे तो सोलापूरच्या सु. एक दिवस आधी, बार्शीला सु. दोन दिवसांनी आणि करमाळ्याला दोन-तीन दिवसांनी येतो. ऑगस्टमध्ये हाच क्रम उलटतो. पंढरपूरचा अक्षांश सोलापूरएवढाच असल्याने दिवस एकच; मात्र ते पश्चिमेस असल्याने तेथे सावली सु. दोन मिनिटांनी उशिरा नाहीशी होते.