हिपॅटायटिस : प्रकार व प्रसार (कोल्हापूर परिसराच्या संदर्भात)

हिपॅटायटिस म्हणजे यकृताला येणारी सूज. दारू, क्षयरोगावरच्या काही गोळ्या, पॅरासिटामॉलची जादा मात्रा, प्रतिकारशक्तीतील बिघाड अशा कारणांनीही ती येते. मात्र संसर्गाच्या दृष्टीने ए, बी, सी, डी आणि ई हे पाच विषाणू महत्त्वाचे. कोल्हापूर भागात डोळे आणि लघवी पिवळी दिसली की ‘कावीळ झाली’ एवढ्यावर चर्चा थांबते. ती कोणत्या विषाणूने झाली हे विचारले जात नाही, आणि खरी गफलत तिथेच होते. ए आणि ई हे पाण्याअन्नातून पोटात जातात. बी, सी आणि डी हे रक्तातून किंवा शरीरातील इतर द्रवांतून शिरतात. एकापासून वाचवणारा उपाय दुसऱ्यापुढे निरुपयोगी ठरतो.

या जिल्ह्याचा ‘ई’शी संबंध पंचगंगेमुळे जवळचा आहे. प्रयाग चिखली येथील संगमापासून ही नदी कोल्हापूर, पुढे इचलकरंजी असे करत नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते. वाटेत जयंती नाल्यासारख्या ओढ्या-नाल्यांतून मैलामिश्रित पाणी तिच्यात येत राहिले आहे, आणि वरच्या गावाचे सांडपाणी खालच्या गावाच्या घागरीत जाण्याचा धोका उन्हाळ्यात प्रवाह आटला की वाढतो. २०१२ मध्ये यंत्रमागांच्या इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली. हजारो लोक आजारी पडले, काही दगावले. पंचगंगेच्या प्रदूषणाचा प्रश्न त्यानंतर अधिक तीव्रतेने पुढे आला.

‘ई’चा विषाणू शरीरात गेल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण दोन ते आठ आठवडे जातात. म्हणून दवाखान्यांत गर्दी होते तेव्हा पाणी बिघडल्याला महिना उलटून गेलेला असतो, आणि त्या दिवशी घेतलेला पाण्याचा नमुना स्वच्छही निघू शकतो. दिल्लीत १९५५-५६ मध्ये यमुनेच्या पाण्यात मैला मिसळून सुमारे २९,००० जणांना कावीळ झाली, तेव्हाही साथ पाणी बिघडल्यानंतर काही आठवड्यांनी उसळली. ती साथ ‘ए’ची समजली गेली होती, जपून ठेवलेल्या रक्तनमुन्यांच्या तपासणीतून तसे नव्हते हे पुढे १९८० मध्ये कळले.

दूषित होण्याची जागा नेहमी नदीच असते असे नाही. जलवाहिनी गटारीतून किंवा गटारीला खेटून गेलेली असते, तिला कुठेतरी गळती असते, आणि पाणी एक वेळ किंवा दिवसाआड येते. पुरवठा बंद झाला की रिकाम्या नळात बाहेरचे घाण पाणी ओढले जाते. नळाला थेट मोटर लावली तर ही ओढ आणखी वाढते. मोटर एका घराची, पण त्रास सगळ्या गल्लीला. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांसारख्या वेळी विहिरी आणि बोअर पाण्याखाली जातात. त्यांचा उपसा करून टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकल्याशिवाय आणि ओटी चाचणीत क्लोरीन दिसल्याशिवाय ते पाणी पिऊ नये. घरापुरता खात्रीचा उपाय म्हणजे पाणी खळखळून उकळणे. तुरटीने गाळ बसतो, विषाणू मरत नाहीत. काविळीत उसाचा रस हमखास सुचवला जातो. रसवंतीतला बर्फ आणि पेले धुण्याचे पाणी कुठले, हे मात्र बघावे.

निरोगी तरुणाला ‘ई’ बहुधा काही आठवड्यांत सोडून जातो. गरोदर बाईची गोष्ट वेगळी आहे : शेवटच्या तिमाहीत लागण झाल्यास मृत्यूचे प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. म्हणून साथीच्या दिवसांत घरातले उकळलेले पाणी आधी तिच्यासाठी ठेवले पाहिजे. ‘ए’ लहान मुलांत सौम्य असतो, मोठ्यांना अधिक त्रास देतो. त्यावर लस आहे.

‘बी’ हा शांतपणे राहणारा विषाणू. तो बाळंतपणात आईकडून बाळाला, असुरक्षित शरीरसंबंधांतून, न तपासलेल्या रक्तातून, पुन्हा वापरलेल्या सुईतून आणि दुसऱ्याच्या वस्तऱ्यातून पसरतो. शरीराबाहेर तो किमान सात दिवस टिकतो. त्यामुळे जत्रेत एकाच सुईने गोंदून घेणे किंवा सलूनमध्ये नवे ब्लेड न मागणे धोक्याचे. एका ताटात जेवल्याने, मिठी मारल्याने तो होत नाही. घरातल्या रुग्णाची भांडी वेगळी ठेवणे हा अन्यायच आहे. जन्माच्या वेळी लागण झालेल्या बाळांपैकी सुमारे ९० टक्क्यांत तो कायमचा राहतो, मोठेपणी लागण झालेल्यांत हे प्रमाण ५ टक्क्यांहूनही कमी असते. म्हणून लसीचा पहिला डोस जन्मानंतर २४ तासांत द्यायचा असतो. ‘डी’ची लागण फक्त ‘बी’ असलेल्यालाच होते. ‘बी’ची लस त्यालाही अडवते. ‘सी’ मुख्यतः रक्तातून पसरतो, त्यावर लस नाही, पण साधारण बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी ९५ टक्क्यांहून अधिक रुग्ण बरे होतात.

गावोगावी कावीळ उतरवण्यासाठी माळ घातली जाते, चुन्याच्या पाण्याने हात धुतले जातात, हळद बंद केली जाते. ए आणि ई बहुतेकदा आपोआप बरे होतात, त्याचे श्रेय माळेला मिळते. ‘बी’ असेल तर पिवळेपणा जातो, पण विषाणू यकृतात राहू शकतो आणि वर्षांनंतर सिरोसिस (यकृत कठीण होऊन निकामी होत जाणे) किंवा कर्करोग होऊन समोर येऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात ‘बी’चे सुमारे २ कोटी ९८ लाख आणि ‘सी’चे ५५ लाख रुग्ण होते, यांतल्या बहुतेकांना आपण रुग्ण आहोत याचीच कल्पना नसते. २८ जुलै २०१८ ला सुरू झालेल्या हिपॅटायटिस नियंत्रणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात सरकारी रुग्णालयांतून याची तपासणी आणि औषधे मोफत मिळतात. एकाला ‘बी’ निघाला, तर जोडीदार, मुले आणि घरातले इतर यांचीही रक्ततपासणी करून ज्यांना लागण नाही त्यांना लस द्यावी लागते.