लस घेतल्यावर खांदा धरला असेल तर
आमच्या ऑफिसात येणाऱ्या पक्षकारांसाठी माहिती

लस घेतल्यावर दंड दुखतोच. दोन-तीन दिवसांत दुखणं थांबतं आणि त्यासाठी वकिलाकडे यायची गरज नाही. हे पत्रक वेगळ्या दुखण्याबद्दल आहे. सुई टोचल्यापासून ४८ तासांच्या आत खांद्यात कळ सुरू होते. मग महिने जातात, पण हात डोक्यावर जात नाही, त्या कुशीवर झोप लागत नाही, वेणी घालता येत नाही. वैद्यकीय भाषेत याला 'सिरवा' म्हणतात.

सुई दंडाच्या फुगीर स्नायूत जायला हवी, खांद्याच्या टोकाच्या हाडापासून दोन-तीन बोटं खाली. ती फार वर टोचली गेली तर औषध सांध्यालगतच्या द्रवाच्या पिशवीत उतरतं, तिथे दाह होतो आणि पुढे खांदा आखडतो. बाही वर सारण्याऐवजी गळ्याकडून शर्ट ओढला, किंवा बसलेल्या माणसाला उभ्यानेच टोचलं, की ही चूक सहज होते. दोष लसीचा नसतो, टोचण्याच्या जागेचा असतो. म्हणून पुढचा डोस टाळू नका. तुमची तक्रारही याच मुद्द्यावर उभी राहते.

अमेरिकेतल्या भरपाईबद्दल वाचून अनेक जण येतात. तिथे १९८८ पासून लसीच्या दुखापतींसाठी सरकारी योजना आहे आणि २०१७ मध्ये खांद्याची ही दुखापत तिच्या भरपाईयोग्य दुखापतींच्या तक्त्यात आली. तिथे कुणाची चूक होती हे सिद्ध करावं लागत नाही. तो तक्ता आपल्याला लागू नाही. इथे निष्काळजीपणा दाखवावा लागतो, आणि तो कागदावर दाखवावा लागतो.

त्यामुळे आमचा खरा आग्रह कागदांचा आहे. दुखणं सुरू होताच डॉक्टरांना दाखवा आणि 'अमुक तारखेला लस घेतली, त्याच दिवसापासून दुखतंय' हे केसपेपरवर लिहून घ्या. 'खांदेदुखी, दोन महिने' एवढंच लिहिलेला कागद समोरचा वकील पाच मिनिटांत निकामी करतो. दंडावर टोचल्याची खूण दिसत असेल तर खांद्याचं टोकही येईल असा फोटो काढा. लसीचं प्रमाणपत्र, बिल, सोनोग्राफी किंवा एमआरआयचा रिपोर्ट, फिजिओथेरपीच्या पावत्या, बुडालेल्या पगाराचा दाखला, सगळं जपा. दवाखान्याकडे तुमच्या नोंदी लेखी मागा; वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे त्या ७२ तासांत मिळायला हव्यात. जिल्हा लसीकरण अधिकाऱ्याकडेही घटना नोंदवा.

नागपुरात धंतोली, रामदासपेठेतल्या खासगी दवाखान्यात पैसे भरून लस घेतली असेल तर वाट ग्राहक आयोगाची. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच स्पष्ट केलं. तक्रार दोन वर्षांच्या आत करायची. लस नागपूरबाहेर घेतली असली तरी तुम्ही इथे राहत असाल तर सिव्हिल लाइन्समधल्या जिल्हा आयोगात दाद मागता येते. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर आयोगाचं शुल्क लागत नाही.

सरकारी केंद्रात, जिथे सगळ्यांनाच लस मोफत मिळते, तिथलं प्रकरण मात्र ग्राहक आयोगात चालत नाही. मग दिवाणी दावा, आणि त्याआधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० खाली सरकारला दोन महिन्यांची नोटीस. हा रस्ता लांबचा आहे. प्रकृती आणि खिसा पाहूनच ठरवा.

शेवटी फीबद्दल. 'भरपाईतले इतके टक्के घ्या' असं बरेच जण मोकळेपणाने सुचवतात. वकिलाला तसं करता येत नाही, बार कौन्सिलच्या नियमांत त्याला मनाई आहे. फी आधी ठरते, लेखी ठरते. कागद कच्चे वाटले तर दावा करू नका असं आम्ही पहिल्याच भेटीत सांगू. येताना मूळ कागद आणि झेरॉक्सचा एक संच, दोन्ही आणा. मूळ प्रती पाहून परत देतो.